घरच्या शाळेची तपासणी

ज्ञानेश आयर्लंडमधल्या कासलबारच्या इस्पितळात कोविड वॉर्डात नर्स होता, आणि त्याची आठ वर्षांची लेक श्रावणी लहानपणापासून दम्याची. म्हणून २०२०च्या शरदात शाळा उघडल्या, तेव्हा त्याच्या बायकोनं, अलकनंदानं लेकीला पाठवलंच नाही. नाशकात तिनं दहा वर्षं गणित शिकवलं होतं. इथं ती नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, घरीच होती. "मी शिकवते," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाळा भरू लागली. सकाळी गणित, मग इंग्लिश, जेवणाआधी तासभर मराठी.

मूल वीस दिवस गैरहजर राहिलं की शाळेला वर कळवावं लागतं, हे तिला पत्र आल्यावर समजलं. पाकिटावर सरकारच्या बालकल्याण खात्याचं नाव होतं. घरी शिकणाऱ्या मुलांची नोंद ठेवणारं खातं आणि धोक्यातल्या मुलांना आईबापांपासून दूर नेणारं खातं एकच होतं. पत्रात एवढंच होतं, की नोंदणीचा अर्ज भरा, आमच्या बाई येऊन बघून जातील. मुख्याध्यापिकेनं आपुलकीनं आणखी एक फॉर्म धाडला होता. आजारी मुलांना घरी शिकवायला शिक्षक मिळतो, खर्च सरकारचा. पण शिक्षक त्यांच्या यादीतलाच हवा, आईनं शिकवलेलं धरणार नाहीत आणि तासांचा अहवाल दर महिन्याला पाठवायचा.

"घेऊन टाक ना," ज्ञानेश म्हणाला. "तुलाही जरा उसंत."

"आणि मी माझ्याच घरात कोपऱ्यात बसू? आज पैसे देतील, उद्या म्हणतील मराठी कशाला शिकवता."

तिनं डब्लिनच्या मैत्रिणीला, विजयालक्ष्मीला फोन लावला. विजयालक्ष्मीनं तर आगीत तेलच ओतलं. "अगं, सरकारचा एक पाय आत आला की दुसरा येतोच. युरोपात कुठेतरी आपल्याच लोकांची मुलं उचलून नेली ना, आई हातानं भरवते, जवळ घेऊन झोपते म्हणून!"

अलकनंदानं घाईनं फोन ठेवला. संसर्ग नको म्हणून ज्ञानेश माडीवरच्या छोट्या खोलीत वेगळा झोपायचा, आणि श्रावणी आईच्या कुशीत. रात्रीचा घासही आईच भरवायची. त्याच आठवड्यात तिनं लेकीचा पलंग वेगळ्या खोलीत मांडला आणि तिच्याकडून उत्तरं घोकून घेतली. कुठे झोपतेस? माझ्या खोलीत. कशी जेवतेस? माझ्या हातानं. "चुकलीस तर त्या तुला घेऊन जातील," असं एकदा तोंडून निघून गेलं. पोर त्या रात्री वेगळी झोपली, पण डोळे टक्क उघडे.

डिसेंबरात खात्याच्या मोरनबाई आल्या. साठीच्या, मास्क लावलेल्या, कोटावरून पाणी निथळत होतं. उघड्या खिडकीशी बसल्या नि त्यांनी वही काढली. घर आजाऱ्याचं दिसू नये म्हणून अलकनंदानं सकाळीच श्रावणीचा दम्याचा पंप कपाटात, डब्यांच्या मागे दडवला होता.

अपूर्णांक झाले, वाचन झालं. "ग्रँड," बाई इथल्या रीतीनं दरवेळी म्हणत, म्हणजे छान. अलकनंदाला मात्र त्यांचं पेन तेवढं दिसत होतं. मग बाईंनी सहज विचारलं, "तुला सगळ्यात जास्त काय आवडतं गं?"

हे घोकलेलं नव्हतं. श्रावणीनं आईकडे पाहिलं. ओठ हलले, शब्द फुटेना. बघता बघता छातीतून शिट्टी वाजू लागली, खांदे वरखाली होऊ लागले. अलकनंदा कपाटाकडे धावली. डबे खाली कोसळले, डाळ फरशीभर झाली. पंप सापडेपर्यंत पोरीचे ओठ फिकट पडले होते. एक झुरका, दुसरा, तिसरा. हळूहळू श्वास सुरळीत झाला.

पहिल्याच मोकळ्या श्वासात श्रावणीनं मोरनबाईंना इंग्लिशमध्ये विचारलं, "आता मला न्याल? मी सगळं बरोबर सांगितलं होतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी तुला नेणार, असं कोणी सांगितलं?"

अलकनंदाला खोटं सुचत होतं. टीव्हीवर ऐकलं असेल, मैत्रिणी बोलल्या असतील. पण पोरगी तिच्याकडेच बघत होती.

"मी," ती म्हणाली. "मी सांगितलं. पंपही मीच लपवला. मला तुमची भीती वाटते."

बाईंनी पेन परत उचललं. "पंपाचं मला लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "तो हाताशीच हवा. ते गाळता येणार नाही."

"आणि तो शिक्षकाचा फॉर्म? नाही भरला तर?"

"तुमची मर्जी. सरकारचे पैसे घेतले की अटी आल्याच, तिथं मी खोटं बोलणार नाही. नाही घेतले तरी मी येईन, नाहीतर माझ्यासारखी दुसरी कोणी येईल. पोर शिकतेय का, एवढं बघायला."

पुढचे पाच आठवडे दारात गाडी थांबली की अलकनंदा हातातलं काम टाकून खिडकीशी जायची. जानेवारीत साथ अशी उसळली की देशातल्या सगळ्या शाळाच बंद झाल्या. ज्ञानेश थकून यायचा नि जिन्यातच बसून राहायचा. त्या धामधुमीत एका सकाळी पत्र आलं. श्रावणीची नोंदणी मंजूर झाली होती. खाली पंपाविषयी एक ओळ होती आणि वर्षभरानं पुन्हा भेट, असं होतं. अलकनंदा टेबलाशी बसली नि ढसाढसा रडली. दुसरा फॉर्म तिनं भरला नाही. मराठीचा तास चालूच राहिला.

"त्या बाई परत येणार?" श्रावणीनं विचारलं.

"येणार."

"मग काय सांगायचं?"

"जे खरं असेल ते."

श्रावणीनं मान हलवली आणि वही उघडली. पण त्या दिवशी तिनं खुर्ची उलटी वळवून घेतली, दार समोर दिसेल अशी. आईनं ते पाहिलं, आणि बस नीट, असं काही तिला म्हणवलं नाही.