आवाज मागून येतो

राहात्याच्या बसस्टँडपासून जरा पुढं, नगर-मनमाड रस्त्याला लागून कल्याण सदाफळचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर रस्त्यावरून आत वळेपर्यंत कल्याणनं त्याचं दुखणं ओळखलेलं असतं. ‘दोन नंबरचा नोझल टपकतोय’, ‘टॅपेट सैल झालंय’, असं तो हातातलं काम न सोडता सांगतो आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं.

बावीस वर्षांचा असताना तो पुण्याला भोसरीत एका गॅरेजात कामाला होता. तिथं एकदा शेजारच्या शेडमध्ये ट्रकवरून एक इटालियन गाडी उतरवली होती. दहा सिलिंडरची. ती सुरू झाली तेव्हा कल्याणच्या हातातला पाना हातातच राहिला. मधे भिंत होती, त्यामुळं गाडी त्याला धड दिसलीही नाही. पण तो आवाज इतक्या वर्षांनंतरही त्याच्या कानातून गेला नव्हता.

त्याच्या गाळ्याला लागून अझीम शेखचा गाळा. डायनामो, सेल्फ, वायरिंग, आणि अलीकडं बॅटरीवरच्या रिक्षा, असं अझीमचं काम. दोघांची शाळा एक, चहा एक आणि वेडही एकच, जगातल्या वेगवान गाड्यांचं. ज्या गाडीचा टायरसुद्धा आपल्याला परवडणार नाही, तिच्या इंजिनाचे आकडे दोघांना तोंडपाठ. जिल्ह्यातल्या अशाच चाळीसेक वेड्यांचा ‘बारा सिलिंडर’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. जामखेडला शाळेत विज्ञान शिकवणारा हर्षल तो चालवायचा.

पुढं एकेका कंपनीनं त्या गाड्यांमध्ये पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेच्या मोटारी बसवायला सुरुवात केली आणि ग्रुपमध्ये भांडणं लागली. हर्षलचं म्हणणं, धुराचे नियम इतके कडक झालेत की मोटारी बसवल्या नाहीत तर इंजिनच बंद होईल. मोटार इंजिनाला वाचवतेय. अझीम तर खूशच होता. इतकी वर्षं या गाड्यांत त्याच्या कामाचं काय होतं? दिवे आणि हॉर्न. आता अर्धी गाडी त्याची झाली होती. कल्याणला मात्र हे मनापासून पटत नव्हतं.

“तीनशे किलो बॅटरी वाहायची, अन् आवाज काय, तर पिठाच्या गिरनीचा,” तो म्हणायचा. “त्यापरीस मिक्सर घ्यावा.”

“तुला पळनारी गाडी पायजे का वरडनारी?” अझीम विचारायचा.

“दोन्ही.”

ज्या कंपनीच्या गाडीवर कल्याणचा जीव होता, तिनंही दहा सिलिंडरचं इंजिन बंद करून आठ सिलिंडर, त्यात जादा हवा कोंबणारे दोन टर्बो आणि तीन मोटारींची गाडी काढली, तेव्हा तो दोन आठवडे ग्रुपवर एक अक्षर बोलला नाही.

फेब्रुवारीत वैजनाथ गाडेकरांचा फोन आला. चितळी रस्त्याला त्यांची पेरूची बाग आहे आणि त्यांचे दोन्ही ट्रॅक्टर कल्याणच्याच हाताखालून जातात.

“कल्याण, ट्रॅक्टर न्हाई बरं का. रोहिणीची गाडी बंद पडली. तू नुसता येऊन बघ.”

रोहिणी म्हणजे वैजनाथरावांची धाकटी बहीण. चाकणला तिची फौंड्री आहे. नवरा गेल्यावर ती तिनं एकटीनं उभी केली, हे राहात्यात सगळ्यांना माहीत होतं. भाचीच्या लग्नाला ती चार दिवस माहेरी आली होती.

“कोनती गाडी?” कल्याणनं विचारलं. वैजनाथरावांनी सांगितलेलं नाव ऐकून त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पुन्हा विचारलं. मग तो शेजारच्या गाळ्यात गेला.

“अझीम, हत्यारं घे. तुझी ती तीन मोटारींवाली आलीय गाडेकरांच्या वस्तीवर.”

लग्नाचा मांडव अजून उतरवायचा होता. त्याच्या एका कोपऱ्यात, सतरंज्यांच्या ढिगाशेजारी, ती राखाडी गाडी उभी होती. पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, आणि उंची ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाइतकीही नाही. दोघंही आधी तिच्याभोवती एक चक्कर मारून आले.

रोहिणीताई पन्नाशीच्या होत्या. सुती साडी, पायात बूट. “काल संध्याकाळपासून काहीच नाही. दार उघडत नाही, दिवा लागत नाही,” त्या म्हणाल्या. “कंपनीचा ट्रक उद्या दुपारी येतो म्हणतात. मला आज रात्रीपर्यंत पुण्याला पोचायचंय.”

“पोरं बसली होती का आत?” अझीमनं विचारलं.

वैजनाथरावांनी मान खाली घातली. “तीन दिवस. वऱ्हाडातली सगळी. दिवे लावायची, आरसे मिटवायची, तो टीव्ही लावायची.”

अझीमचा चेहरा एकदम फुलला. “ताई, मोठी बॅटरी भरलेली हाय ना?”

“अर्ध्याच्या वर होती.”

“मग ती ठीक असंल. पन तिला जागं करायचं काम बारा व्होल्टची लहान बॅटरी करती. ती पोरांनी संपवली. आमच्या रिक्षांचं असंच हुतं. मीटर भरलेला, अन् गाडी मेलेली.”

किल्लीच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली होती, तिनं दार उघडलं. पण लहान बॅटरी पुढच्या झाकणाखाली, आणि झाकण विजेशिवाय उघडेना. ताईंनी मोबाईलवर पुस्तिका काढली. त्यात झाकण हातानं उघडायच्या आणीबाणीच्या तारेचं चित्र होतं. तार कुठं आहे ते मात्र त्यावरून कळत नव्हतं.

आता कल्याण पुढं सरकला. चप्पल काढून तो गुडघ्यावर बसला आणि डॅशबोर्डाखाली हात घालून, डोळे मिटून बोटांनी चाचपत राहिला. पाच-सात मिनिटांनी त्याला बोटाच्या टोकाएवढं एक टोपण लागलं. त्यामागं तारेचा फासा होता. त्यानं तो नेटानं आणि सावकाश ओढला. पुढून ‘टक’ असा आवाज आला.

झाकण वर झालं, तशा आतल्या जाड नारंगी वायरी दिसल्या. कल्याणचा हात सवयीनं तिकडं गेला.

“हात माघारी घे!” अझीम ओरडला. एरवी तो कधी ओरडत नाही. “नारंगीला शिवायचं न्हाई. तिथं चारशे व्होल्ट हायत. तुझं कान न्हाई कामाचं तिथं, कळायच्या आत मरशील.”

कल्याणनं हात मागं घेतला. तेवीस वर्षांच्या धंद्यात गाडीला हात लावू नको असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. तो बाजूला जाऊन उभा राहिला.

अझीमनं लहान बॅटरीला चार्जर लावला. पाऊण तास सगळे चहा पीत बसले. मग ताई आत बसल्या, त्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर आकडे उजळले. बाकी काहीच झालं नाही. ना थरथर, ना आवाज.

“झाली का सुरू?” वैजनाथरावांनी विचारलं.

“झालीय,” ताई म्हणाल्या आणि गाडी हातभर पुढं सरकली.

पैशाचं विचारल्यावर अझीम म्हणाला, “पैसं नको ताई. एक चक्कर मारा.” ताई हसल्या. ताईंशेजारी माणूस मावणार एकच, म्हणून आधी अझीम गेला. पंधरा मिनिटांनी तो परत आला, तेव्हा त्याला बसल्या जागेवरून उठताच येईना. कल्याणनं हाताला धरून काढला. “जा,” अझीम म्हणाला.

कल्याण बसला. सीट इतकी खाली की आपण रस्त्यावरच बसलोय असं त्याला वाटलं. गाडी मांडवातून निघाली, ती नुसत्या मोटारींवर; आवाज फक्त टायरांच्या कचकचीचा. ताईंनी आधी तिला गावातून नेलं, भावाच्या ओळखीच्या पंपावर हवा बघायला. रस्त्याकडेला पेरूवाल्यांच्या टोपल्या लागल्या होत्या. कल्याणला मनातून वाटत होतं की आज सगळं राहातं वळून बघणार. पण कुणी मान वर केली नाही. ऐकूच गेलं नाही तर बघणार कोण? त्याच्या स्वतःच्या गाळ्यासमोर दोन गिऱ्हाइकं पाठमोरी उभी होती, ती तशीच उभी राहिली.

तेवढ्यात साळूबाई पेरूवाली टोपली ओढत उलट्या पावलानं रस्त्यावर आली.

“ताई!” कल्याण ओरडला. ताईंनी ब्रेक दाबला. गाडी साळूबाईच्या लुगड्यापासून दोन हातांवर थांबली. साळूबाईनं मागं पाहिलं आणि दचकून टोपलीच सोडली.

“अगं बाई! वाजवीत का न्हाईस तू? चोरावानी आलीस ती!” मग तिची नजर आत गेली. “अन् कल्याण, तू बी?”

ताईंनी काच खाली करून माफी मागितली. कल्याण उतरला आणि त्यानं घरंगळलेले पेरू वेचून दिले. पुन्हा आत बसला तेव्हा ताईंचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

“पुण्यात दोनदा झालंय असं,” त्या म्हणाल्या. “आधीची माझी दहा सिलिंडरची होती. तिला अर्ध्या किलोमीटरवरून लोक वाट द्यायचे.”

कल्याण त्यांच्याकडं वळला. “ती विकली तुमी?”

“विकली. दोन दिवस जेवण गेलं नाही. आई माझ्याकडं असते, अंथरुणाला खिळलेली. मी फौंड्रीत पहाटे पाचला जाते. खाली गाडी सुरू केली की वर ती घाबरून उठायची. आता तिला कळतही नाही मी कधी गेले.” त्या पुढं म्हणाल्या, “पळायला ही त्या गाडीच्या पुढं आहे. पण ती मला घाबरवायची, आणि ही सांभाळून घेते. मला नक्की काय आवडत होतं, ते अजून कळत नाही.”

चितळी रस्त्याचा नवा सरळ पट्टा आला. पुढं-मागं कुणी नव्हतं. ताईंनी एक कळ फिरवली आणि कल्याणच्या पाठीमागं, कानापासून हातभर अंतरावर, इंजिन जागं झालं. आठही सिलिंडर त्याला वेगवेगळे ऐकू येत होते.

“धरून बसा,” ताई म्हणाल्या.

आधी धक्का आला. डोकं सीटला चिकटलं, पोट मागं राहिलं. आवाज चढत गेला तो त्यानंतर. टर्बोला जोर धरायला जो क्षण लागतो, तो कल्याणनं सवयीनं मनात मोजला होता. तो क्षण आलाच नाही. तिथं मोटारींनी गाडी केव्हाच उचलली होती. मोटारी आणि इंजिन यांच्यातला जोड कुठंच जाणवत नव्हता. कारागीर म्हणून कल्याणनं मनातल्या मनात हात जोडले. आणि त्याच वेळी त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भोसरीच्या भिंतीआडून ऐकलेल्या गाडीत आवाज पुढं होता, तोच गाडीला ओढत होता. इथं गाडी निघून जात होती आणि आवाज तिच्या मागून येत होता.

ताईंनी वेग कमी केला. इंजिन मधेच गप्प झालं. बांधावरच्या बाभळीत भोरड्यांचा कलकलाट चालला होता, तो ऐकू आला. एवढ्या ताकदीच्या गाडीत बसून पाखरं ऐकू यावीत, हे कल्याणला विचित्र वाटलं, पण वाईट वाटलं नाही.

“काय वाटलं?” ताईंनी विचारलं.

“ताई, खोटं बोलत न्हाई. काम एक नंबर हाय. पन आवाज ऐकून जीव भरला न्हाई.”

“माझाही भरत नाही,” त्या म्हणाल्या. “तरी विकणार नाही.”

तासाभरात त्या पुण्याला निघाल्या. मोटारसायकलवरून परतताना अझीम मागं बसून सारखा बोलत होता. मोटारींचं नाही, इंजिनाचं. “कल्या, पाठीमागं असा वाघ उठतो रे! तू म्हनतो ते खोटं न्हाई.”

“अन् टर्बो जोर धरायच्या आधी एक क्षन जातो, तो त्यात हायच न्हाई,” कल्याण म्हणाला. “तुझ्या मोटारींनी खाल्ला तो. लई सफाईनं खाल्ला.”

त्या संध्याकाळी कल्याणनं सहा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. पेरू सांडले ते सांगितलं, धक्का आधी आणि आवाज नंतर ते सांगितलं, रोहिणीताईंच्या आईचंही सांगितलं. मोटारींच्या बाजूच्यांना वाटलं कल्याण आपल्यात आला; जुन्यांना वाटलं तो आपलाच आहे. रविवारपर्यंत त्याच्याच शब्दांवरून दोन्हीकडून भांडण चाललं. हर्षलनं शेवटी ग्रुप दिवसभर बंद ठेवला.

सोमवारी दुपारी हाताला काम नव्हतं. कल्याण शेजारच्या गाळ्यात गेला. अझीम हातात रबरी हातमोजे घालून एका रिक्षेची बॅटरी खोलून बसला होता.

“ते रबरी हातमोजे कुठं मिळत्यात?” कल्याणनं विचारलं.

“कशाला?”

“शिकव मला. पुढं ट्रॅक्टर बी तसलेच येतील. हात माघारी घे म्हनून तू दरवेळी वरडनार का?”

अझीमनं आपले हातमोजे काढून त्याला दिले. ते कल्याणच्या पंज्याला लहान होत होते. त्यानं ओढून-ताणून ते चढवले आणि स्टूल जवळ ओढलं. मग तो बॅटरीवर वाकला, कान लावायला. अझीमनं त्याला खांद्याला धरून सरळ केलं आणि त्याच्या हातात व्होल्ट मोजायचा मीटर दिला.