जावई डिपॉझिट

लग्नानंतर जावई पहिल्यांदा मुक्कामी आला, तर त्याची काही करमणूक झाली पाहिजे, म्हणून बाबनरावांनी व्हिडिओ गेम भाड्याने आणायचं ठरवलं. प्रताप नगरात तो मुकुंदच्या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात मिळे. पसंत जावयानेच करावा म्हणून सकाळीच शालिकरामला सोबत नेलं. तिथे कळलं, की भाड्याशिवाय डिपॉझिटही लागतं.

"तेवढे पैसे तर नाही आणले गा," बाबनराव म्हणाले.

"मग एखादी वस्तू ठेवा, काका. किमती पाहिजे."

बाबनरावांनी आधी स्वतःच्या अंगावर पाहिलं, मग आजूबाजूला. "आमच्या घरात सध्या सगळ्यात किमती म्हणजे हे जवाईबापू."

मुकुंदने शालिकरामला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नोकरी विचारली. कोराडीच्या वीज केंद्रात, हे ऐकून मान डोलावली आणि बाकाकडे बोट दाखवलं.

"दोन घंट्यात सोडवून नेतो," म्हणत बाबनराव गेमचा डबा बगलेत मारून गेले.

शालिकरामला संध्याकाळच्या पाळीला कोराडीत हजर व्हायचं होतं. नोकरी कच्ची होती आणि साहेबाने बजावलं होतं, आता एक जरी खाडा झाला तर परत येऊच नको. दुकानाला ना कडी होती ना पहारा. पण सासऱ्यांचा शब्द त्याच्या रूपाने बाकावर बसला होता. तो उठला असता, तर शब्दही उठून गेला असता.

एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हे भाऊ कोणत्या कामाले?"

"डिपॉझिट आहे. हात नको लावू."

मुकुंदने कॅसेटींवरची धूळ झटकली, आणि ओघात शालिकरामच्या खांद्यावरचीही.

दुपारी त्याची बायको गोपिका मटणाचा डबा घेऊन आली. पाहुणचारात कसर नव्हती.

"गेम काहून नाही आला वापस?"

"बाबा खेळून राहिले, आई खेळून राहिली. तुमच्या नावाचाही एक डाव आलटून पालटून खेळून राहिले. तुम्ही तिसरे आहात."

"गोपिका, माही नोकरी जाईल वं!"

"बाबाले म्हटलं मी. ते म्हणाले, पाहुणचार अर्धवट सोडला तर जवाईबापूले काय वाटंल?"

कोराडीची बस निघून गेल्यावर बाबनराव आले. मागोमाग गोपिकाही. गेम खेळायचा दांडा मुळापासून मोडला होता.

"जन्मभर हातमागावर धोटा फेकलेला हात आहे," ते पडेल आवाजात म्हणाले. "जोर लागला."

मुकुंदने तुकडे जुळवून पाहिले. "सामान मोडलं तर डिपॉझिट जप्त."

"किती दिवस?"

"जप्तीले दिवस नसतात, काका."

बाबनरावांचे डोळे भरून आले. त्यांनी जावयाच्या पाठीवरून हात फिरवला. मग हळूच विचारलं, "दुसरा सेट आहे काय? जवाईबापू आता दुसऱ्या नंबरवर आले होते."

"आहे. डिपॉझिट?"

बाबनरावांनी लेकीकडे पाहिलं. गोपिकाने पदर खोचला. "हे जिंकत असतील तर बसते मी."

शालिकरामला ओरडायचं होतं. बस गेली, नोकरी गेली, हे सगळं एका दमात सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

"पहिलं कोण आहे?"

"तुमची सासू," बाबनराव खाली मान घालून म्हणाले.

शालिकराम जरा सरकला आणि गोपिकाला बाकावर जागा करून दिली.