उजवीकडचं बटण

मित्रांनो, माझं झाकण जपून उघडा, बिजागर तुटलं आहे. मी एक जुना लॅपटॉप आहे, इजिप्तमधल्या पोर्ट सईद बंदराचा. माझा मालक रऊफ बाजारात न आलेल्या संगणकप्रणालीच्या कच्च्या आवृत्त्या माझ्यावर चालवून बघायचा आणि अरबीत काय बिघडतं ते कंपनीला कळवायचा. चालवून बघायचा म्हणजे जुनी प्रणाली माझ्या पोटातून ओरबाडून काढायची आणि नवी कोंबायची. असा मी एकोणीस वेळा मेलो. कधी अरबीची जोडून लिहायची अक्षरं तुटून सुटी पडायची, कधी अंग तापून पंखा किंचाळायचा. मग रऊफ शिवी हासडून मला एक ठेवून द्यायचा. दोष सापडला की मात्र चहा पीत पाठ थोपटायचा आणि मी तेवढ्यावर खूश असे.

माझ्या अर्ध्या पोटात त्याच्या धाकट्या बहिणीचं, नग्वाचं काम होतं. बंदराजवळच्या लाकडी सज्ज्यांच्या घरांची दोन वर्षं मापं घेऊन तिने नकाशे काढले होते. तिच्या मागोमाग बुलडोझर यायचा. त्याने एकतीस घरं चिरडली. ती आता फक्त माझ्यात उरली होती. नकाशांची दुसरी प्रत काढून द्यायचं रऊफने कबूल केलं होतं. रोज म्हणायचा, "उद्या, इन्शाल्ला."

विसावी आवृत्ती आली. तिने विचारलं, सगळं पुसू का? आजवर 'नाही' उजवीकडे असायचं. या वेळी, अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात म्हणून, अख्खी स्क्रीनच आरशासारखी उलटी केलेली, त्यामुळे उजवीकडे 'होय' आलं होतं. रऊफने न वाचता, सवयीने उजवीकडचं बटण दाबलं. एकतीस घरं माझ्या पोटात दुसऱ्यांदा पडली आणि मला ओरडताही आलं नाही.

नग्वा लसूण कुटत होती. कळताच पितळी बत्ता घेऊनच आली. पहिला घाव झाकणावर बसला, दुसरा बिजागरावर. तिसऱ्याला रऊफने मध्ये हात घातला आणि त्याची दोन बोटं मोडली. तो आवाज मी अजून विसरलो नाही.

"हात काढ," ती म्हणाली.

"मला मार. याला नको, यातून काही निघतंय का बघतो."

"काय निघणार? त्या बुलडोझरवाल्याने निदान आधी सांगितलं तरी होतं."

काही निघालं नाही. रऊफने डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत दोष कळवला. पुढच्या आवृत्तीत 'नाही' आपल्या जागी परतलं आणि कंपनीने आभार मानले.

मित्रांनो, आमच्यावर हवे ते प्रयोग करा, आम्ही पुन्हा उठतो. पण आधी दुसऱ्याचं काम बाहेर काढून ठेवा, आणि आजच ठेवा. रऊफची बोटं वाकडी जुळली आहेत. तो रोज बहिणीला विचारतो, "माझ्याशी बोलशील का?" ती त्याच्या ताटात भाकरी ठेवते आणि एवढंच म्हणते, "उद्या, इन्शाल्ला."