सावत्र आईचा रकाना

सातवीच्या पुस्तकात तो धडा आहे हे मला वर्षाच्या सुरुवातीपासून ठाऊक होतं. ‘पाच देशांच्या लोककथा : तुलना करा.’ पाचही गोष्टींत एक आईवेगळी मुलगी आणि एक सावत्र आई. बर्फाच्या देशातली मुलीला ऐन थंडीत सरपण आणायला पिटाळते, वाळवंटातली चाळणीने पाणी भरायला लावते, बेटावरची मिसळलेले दाणे निवडायला बसवते. धडा करणारे जगभर फिरून आले आणि पाच ठिकाणांहून एकच बाई उचलून आणली.

“गाळ की तो धडा,” चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. “कोण बघतंय?”

गाळला असता तर का गाळला ते चाळीसच्या चाळीस पोरांना कळलं असतं. तिसऱ्या बाकावर माझी सावत्र मुलगी बसते. दोन मिनिटं एका जागी टिकायची नाही म्हणून तिचे वडील तिला भिंगरी म्हणायचे. ते गेले त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून ती बसवावं तिथे बसते. मला ती शाळेतही बाई म्हणते आणि घरीही.

यात दोष माझाच. लग्न करून मी त्या घरात आले तेव्हा ती चौथीत होती. पाचवीत माझ्या वर्गात आली तेव्हा मी तिला बजावलं होतं, “शाळेत मी तुझी कुणी नाही.” कुणी बोट दाखवू नये म्हणून तिची वही मी इतरांपेक्षा कडक तपासली, नेहमी दोन गुण कमीच दिले. तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही. लोक मात्र जे म्हणायचं ते म्हणालेच.

धडा घ्यायच्या आदल्या दिवशी तिच्या मावशीचा फोन आला. “सुट्टी लागली की तिला घेऊन जाते. कायमची. तुमच्या गळ्यात किती दिवस?” ‘नको, राहू दे’ हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर लोक पोरीला अडकवून ठेवलं म्हणाले असते. मी म्हटलं, “तिची इच्छा असेल तसं.” भिंगरी शेजारीच बसून वहीला कव्हर घालत होती.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर रकाने आखले. देश, मुलगी, त्रास देणारी व्यक्ती, शेवट. तिसऱ्या रकान्यात पाच वेळा तेच दोन शब्द लिहिले.

“बाई, सगळीकडे सावत्र आईच कशी वाईट?” मागून एक नग बोलला. माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या.

“गोष्ट सांगणाऱ्यांना सोपं पडतं म्हणून,” मी म्हटलं. “खऱ्या आईला नावं ठेवायला हिंमत लागते.” मग गृहपाठ दिला : या पाच कथांमधली, कुणाच्याच लक्षात आली नसेल अशी एक बाब शोधून लिहा.

भिंगरीने लिहिलं होतं, ‘पाचही गोष्टींत वडील शेवटपर्यंत जिवंत आहेत. ते नसतील तर सावत्र आई मुलीचं काय करते, हे कुठल्याच देशाने सांगितलेलं नाही.’

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वह्या तपासत होते. ती पलीकडच्या खोलीत होती, मध्ये दारही उघडं होतं. उठून जायचं आणि तिला जवळ घ्यायचं, एवढंच करायचं होतं. मी लाल पेनाने ‘छान निरीक्षण’ असं लिहिलं आणि पहिल्यांदाच तिला पैकीच्या पैकी गुण दिले. मला वाटलं, तिला समजेल. हातात लाल पेन आलं की माझी अक्कल कुठे जाते कोण जाणे.

सुट्टी लागली. मावशी आली. बाई चांगली आहे, नावं ठेवायला जागा नाही. ती बॅगांसाठी गाडीत जागा करायला खाली गेली. भिंगरी दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होती.

“मला वाटलं होतं, तुम्ही मावशीला नको म्हणाल,” ती मान वर न करता म्हणाली.

“मी तुझ्यावर सोडलं होतं गं.”

“पण मी कसं म्हणणार, मला ठेवून घ्या म्हणून?”

“जाऊ नकोस,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. “मला तू हवी आहेस. पहिल्यापासून हवी होतीस.”

तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. मीच रडत होते.

“आता नाही जमणार,” ती म्हणाली. “मावशीने माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीये. रंगसुद्धा मला विचारून. तिला किती वाईट वाटेल.”

कुणाला काय वाटेल याचा हिशेब आधी करायचा आणि आपल्याला काय हवंय ते गिळून टाकायचं, हे तिला तीन वर्षं मीच शिकवलं होतं.

खालून मावशीची हाक आली. दोन बॅगा होत्या. त्यातली जड होती ती मी उचलली आणि जिना उतरून गाडीत ठेवली.