बारा बोअरच्या नळीतले नऊ दिवस

मी एक काडतूस बोलतोय. पितळेचं, वीस बोअरचं. तुम्ही म्हणाल, काडतुसाला कसलं आलंय आयुष्य? एकदा ठो केलं की संपलं! पण ते कागदाच्या आणि प्लास्टिकच्या काडतुसांचं. आम्हा पितळेच्यांना पुन्हा पुन्हा भरतात. मी सतरा वेळा वाजलो. अठराव्या वेळी वाजलो नाही, आणि सांगण्यासारखं जे काही आहे ते त्याच वेळचं आहे.

माझा जन्म दूर दक्षिणेला, कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो म्हातारा तेओडोरिको. घनदाट जंगलातल्या तारावाका नदीच्या काठी, खांबांवर उभ्या असलेल्या घरात तो राहायचा. रबराच्या झाडांचा चीक काढायचा आणि आठवड्यातून एकदा शिकारीला जायचा. पडवीत मांडी घालून तो मला भरायचा. बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, मग दारू, मग ताडाच्या धाग्यांचा बोळा, मग छर्रे, वरून पुन्हा बोळा, आणि तोंडावर मधमाश्यांचं मेण. दारू नेहमी चिमूटभर कमीच. मी त्याच्या हातात असताना मला कधी भीती वाटली नाही.

म्हाताऱ्याची बंदूक वीस बोअरची, हलकी. "पाकाला एवढी पुरते," तो म्हणायचा. पाका म्हणजे अंगावर ठिपके असलेला, कुत्र्याएवढा लठ्ठ, घुशीच्या जातीचा प्राणी. दिसायला कसाही असला तरी भांड्यात पडल्यावर त्याच्या वासानं शेजारीपाजारी आपोआप गोळा होतात. म्हातारा म्हणे, "दिवसभर चालायचंय मला. मोठी बंदूक काय बंदुकीच्या बापानं वाहायची?"

म्हातारा गेला. थोरला मुलगा वाल्देसिर घरचा शिकारी झाला. त्याला बापाची बंदूक पसंत नव्हती. नदीवरून सामानाची होडी घेऊन येणारा व्यापारी धक्क्याला लागला, तेव्हा त्यानं त्या बंदुकीकडे बघून नाक मुरडलं.

"ही? कोंबड्या हाकलायला ठीक आहे. मर्दानं बारा घ्यावी, बारा!"

वाल्देसिरनं बारा घेतली. बापाची बंदूक होडीत गेली. आमच्यात उलटा हिशेब असतो, नंबर लहान तितकी नळी मोठी. माणसं हे तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि कामाच्या वेळी नेमकं विसरतात.

धाकट्या भावाची बायको झुलमिरा चुलीपाशी मासे साफ करत होती. ती म्हणाली, "भाऊजी, पाका घुशीसारखा आणि बंदूक तोफेसारखी. भांड्यात घालायला काही उरेल ना?"

"तू भांडं घासून ठेव," वाल्देसिर म्हणाला. सगळे हसले. तीही हसली.

बंदूक गेली, पण मी राहिलो. म्हाताऱ्यानं भरलेलं शेवटचं काडतूस, त्याच्या रबर लावलेल्या पिशवीच्या तळाशी. वाल्देसिरनं नवी काडतुसं त्याच पिशवीत टाकली. बापाची पिशवी लाभते, अशी त्याची समजूत होती. ती सगळी माझ्यासारखीच पितळेची, पण माझ्याहून जाड. मी त्यांच्यात अंग चोरून पडलो होतो. पिशवी एकदा उलटी करून झटकायला त्याला कितीसा वेळ लागला असता?

एका संध्याकाळी तो झाडावर बांधलेल्या मचाणावर बसला होता. उजेड उतरत होता. खाली पडलेली फळं खायला पाका आला. डोळे पाकावर ठेवून त्यानं पिशवीत हात घातला आणि हाताला लागलो मी. माझ्या बारीक अंगानं त्याच्या बोटांना काहीच सांगितलं नाही. त्यानं मला नळीत सोडलं.

मी थांबलोच नाही. माझ्या बुडाची कड जिथे टेकायला हवी, तिथे टेकायला काही नव्हतंच. मी आत घसरलो आणि पुढे नळी जिथे अरुंद होते तिथे घट्ट रुतून बसलो. मागे नळी मिटली. त्यानं चाप ओढला, नुसतं खट् झालं आणि पाका पळाला.

वाल्देसिरनं बंदूक उघडली. काडतुसाची जागा रिकामी! त्यानं पायांखाली चाचपलं, पानं उचकली, पिशवी हुंगल्यासारखी नाकाजवळ नेली. "आत्ता तर घातलं होतं," तो पुटपुटला. नळीत डोकवावं असं काही त्याच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी उजेड राहिला नव्हता. दुसरं काडतूस त्याच्या हातात होतं, बारा बोअरचं. ते माझ्या मागे बरोब्बर बसलं असतं. मग चाप ओढला की मी पुढे जाणार नाही, मागचा जाळ कोंडणार, आणि नळी फुटणार. कुठे फुटणार? त्याच्या डाव्या हाताशी, गालाजवळ.

पण तो घाबरला होता. त्यानं छातीवर क्रूस काढला, काडतूस पिशवीत टाकलं आणि घर गाठलं.

"आई, बंदुकीनं काडतूस गिळलं."

म्हातारी दोना औझेनिर पीठ भाजत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "पनेमा."

शिकाऱ्याचं नाहीतर बंदुकीचं नशीब फिरलं की आमच्याकडे त्याला पनेमा लागला म्हणतात. आणि पनेमा कधी आपोआप लागत नाही. कुणीतरी लावलेला असतो. मग घरात शोध सुरू होतो. हाडं कुणी कुत्र्यांना टाकली? मांसाचा वाटा कुणाला कमी पडला? आणि पोटुशी बाई बंदूक ओलांडून गेली का?

"ही गेली," म्हातारी म्हणाली. "मंगळवारी. मी बघितलं."

झुलमिराला पाचवा महिना होता. नवरा चीक काढायला रबराच्या वरच्या वाटांवर गेलेला, महिनाभर यायचा नव्हता. ती म्हणाली, "भाऊजींनी बंदूक दारातच आडवी टाकली होती. डोक्यावर पाण्याची घागर. मी काय उडत जाणार होते?"

"वळसा घालायचास."

"कुठून, आई? नदीतून?"

त्या दिवसापासून झुलमिराच्या ताटात मांस बंद झालं. शेजाऱ्यांनी पाठवलेला वाटासुद्धा तिला मिळेना. ती कसावाच्या कंदाचं पीठ आणि घेवडा खायची. पनेमा उतरला नाही तर बाळंत होईपर्यंत तिला माहेरी पाठवायचं ठरलं.

आणि मला चुलीवर टांगलं. म्हणजे बंदुकीला हो, पण आत मी होतो ना! सुक्या मिरच्यांची धुरी. नळी तापली की माझ्या पोटातली दारू कोरडी ठाक व्हायची. मला वाटायचं, आता पेटतो. पुढच्या टोकाला उजेडाचा एवढासा गोल होता, नाण्याएवढा. मागे मिट्ट. एक मुंगी तोंडापर्यंत आली, मेण चाखून परत गेली. तिला परत जाता आलं याचा मला अतोनात हेवा वाटला. मी सतरा वेळा वाजलो होतो, पण मला आवाज नाही हे तिथे पहिल्यांदा कळलं. वाजवलं तरच मी बोलणार, आणि वाजवलं तर माणूस जाणार.

रोज कानावर एकच यायचं. वाल्देसिर म्हणायचा, "उतारा झाला की पहिला बार त्या मोठ्या समाऊमा झाडाच्या बुंध्यावर टाकतो. भरपूर दारू घालून. पनेमाचा बाप पळेल!"

उतारा असा होता. जिनं पनेमा लावला तिनंच पानांचं कडू पाणी नळीच्या तोंडातून ओतायचं. पाणी आरपार जाऊन खाली पडलं पाहिजे. मग मालकानं लगेच एक बार काढायचा.

नवव्या दिवशी सकाळी अंगणात शेजारची चार माणसं जमली. वाल्देसिरनं बंदूक उघडून, तोंड वर करून झुलमिराच्या हातात दिली. स्वतः एक जाडजूड काडतूस घेऊन उभा राहिला. म्हातारीनं पाण्याचं मडकं दिलं.

पाणी आलं. माझ्या मेणावर साचलं. वर वर चढलं आणि नळीच्या तोंडातून झुलमिराच्या मनगटांवर सांडलं.

"झालं, झालं," वाल्देसिर म्हणाला. "दे इकडं."

"खाली कुठं पडलं, भाऊजी?"

"भिजली ना बंदूक? पुरे!"

"बघा, किती चिवट आहे हा पनेमा," म्हातारी शेजारणीला म्हणाली. "पाण्यालासुद्धा अडवतोय."

वाल्देसिरनं बंदुकीला हात घातला. झुलमिरानं सोडली नाही. तिनं ती पोटाशी धरली. नळीला टेकलेल्या तिच्या पोटाची धडधड मला पितळेतून लागत होती.

"नऊ दिवस मी तुमचं ऐकलं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत, पाणी आरपार जायला हवं. जोवर जात नाही तोवर उतारा झाला नाही. मग मी बंदूक सोडणार नाही, आणि तुम्ही बार काढणार नाही."

"अगं, सोड म्हणतो ना!"

"नियम तुमच्याच आईचा आहे. विचारा त्यांना."

सगळ्यांनी म्हातारीकडे बघितलं. म्हातारीची पंचाईत झाली. नियम मोडावा तर उतारा खोटा, पाळावा तर सून खरी. शेवटी ती म्हणाली, "आरपारच जायला हवं."

झुलमिरानं पाणी ओतून टाकलं. कुंपणाची एक सरळ काठी उपसली आणि तोंडातून आत घातली. काठी माझ्या मेणावर आपटली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मी सुटलो. उलटा घसरत आलो आणि वाल्देसिरच्या पायाशी, चिखलात पडलो.

वाल्देसिर खाली वाकला. एका हातात त्यानं मला उचललं, दुसऱ्या हातात ते जाडजूड काडतूस होतंच. त्यानं दोन्ही शेजारी धरली. त्याला कळलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला आणि तो तिथेच जमिनीवर बसला. डावा हात गालावर नेऊन तो बराच वेळ गाल चाचपत राहिला.

"बाबांचं काडतूस," तो म्हणाला.

"म्हाताऱ्यानं वाचवलं हो माझ्या पोराला!" म्हातारीनं हात जोडले. शेजारणींनी माना डोलवल्या. दुपारपर्यंत नदीकाठच्या चार घरांत तीच गोष्ट पोचली: मेलेल्या बापानं बंदुकीत बसून पोराला अडवलं. मला इतका संताप आला! मेलेल्या बापानं नव्हे. मीही नव्हे. मी तर त्याला मारायलाच बसलो होतो. ज्या बाईला नऊ दिवस मांस मिळालं नाही, तिनं त्याला वाचवलं. त्या दिवशी तिच्या ताटात मांसाचा तुकडा आला. माफी मात्र कुणी मागितली नाही.

माझी दारू झुलमिरानं काढून टाकली. आता मी रिकामा, तिच्या खिडकीच्या फळीवर असतो. मला पुन्हा कुणी भरू नये, एवढंच माझं मागणं आहे. आणि तुमच्या हातात कधी बंदूक आली, तर बोअर मोठा की लहान याची चर्चा नंतर करा. आधी पिशवी उलटी करून काय काय भरलंय ते बघा. आणि बंदूक बोलली नाही, तर घरातल्या बाईकडे बोट दाखवण्याआधी नळीत बघा.

वाल्देसिर अजूनही शिकारीला जातो. निघताना पायऱ्यांवर थांबतो, बंदूक उघडतो आणि झुलमिरापुढे धरतो. ती बाळाला कडेवर सावरते, एक डोळा मिटते आणि नळीतून वर बघते. तोवर तो मान खाली घालून उभा असतो.

"आभाळ दिसतंय, भाऊजी," ती म्हणते. "जा आता."