खांबावरचं शून्य

काथ्याच्या ब्रशनं शेवाळ घासता घासता म्हाताऱ्याचा हात चारच्या आकड्यापाशी थांबला. आकड्याच्या खाली तळहाताएवढा एक तुकडा नव्या बुटासारखा चकचकत होता. बाकीचा खांब त्याच्या नेहमीच्या मंद, डांबरी काळ्या रंगात होता. म्हणजे इथं दुसऱ्या कुणाचा तरी हात फिरला होता, आणि आपल्या खांबाला परका हात लागला की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

धक्क्याच्या कडेचा हा दगडी खांब त्यानं बत्तीस वर्षं वाचला होता. रोज भरतीला पाणी कितव्या रेघेवर आलं ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. नोकरी संपून सहा वर्षं झाली तरी वही सुटली नव्हती. खालच्या गल्लीत त्याला खांबमास्तर म्हणत, आणि त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. समुद्र वाढतोय की नाही यावरून गाव दोन महिने भांडत होतं. बालवाडीची नवी इमारत खालच्या गल्लीतच बांधायची की टेकडीवर, ते त्यावरच ठरणार होतं. बालवाडी वर गेली की गल्लीही उठणार, ही खालच्यांची भीती. "मास्तरांच्या वहीत वाढलेलं नाही, म्हणजे नाही," एवढं म्हटलं की त्यांचा वाद संपायचा.

वाढलंय म्हणणाऱ्यांत त्याची मुलगी होती. ती नगरपालिकेत जमिनीची मोजणी करायची. गेल्या सभेत ती आकडे वाचायला उठली, तेव्हा खालच्या गल्लीतला दोरवाला मागून ओरडला होता, "बापानं जन्मभर समुद्र मोजला, आणि ही दोन वर्षांत शहाणी झाली!" सभागृह हसलं. ती आकड्यांचा कागद मिटून खाली बसली. म्हाताराही थोडा हसला होता, आणि ते हसू पंधरा दिवस त्याला सलत होतं. घरात तेव्हापासून चहा आणि जेवण एवढंच बोलणं चालू होतं.

त्यानं पिशवीतून पत्रा काढला आणि तो चकचकीत तुकडा खरवडला. रंगाची खपली निघाली. खाली पांढऱ्या रंगात चार होता. त्याच्या जरा खाली, जुना, आणखी एक चार. त्याखाली आणखी एक. आजवर त्यानं रंगावर रंगच चढवला होता, खरवडून कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांत वरच्या चारपासून सगळ्यांत खालच्यापर्यंत त्यानं बोटं लावली. सहा बोटं भरली.

म्हातारा ओल्या पायरीवरच बसला.

खालच्या रेघा दरवर्षी खारं पाणी खायचं. मग वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या ओहोटीला, आजच्यासारख्याच सकाळी, पाणी जिथं टेकेल तिथं शून्य धरायचं आणि तिथून वर नव्यानं रेघा मारायच्या. "शून्य पाण्यालाच विचारायचं, पाणी खोटं बोलत नाही," असं जुन्या साहेबांनी शिकवलं होतं. त्यानं इमानानं विचारलं. पाणी दरवर्षी केसभर वरून उत्तर देत गेलं, आणि तो त्याच्याबरोबर शून्य वर नेत राहिला. सगळ्या वह्या बरोबर होत्या आणि सगळ्या चुकीच्या. त्याला हसू आलं, मग डोळे भरून आले.

पण हे आधी कुणी तरी पाहिलं होतं. पाहून परत झाकलं होतं.

घरी मागच्या खोलीत खिडक्यांच्या गजांना आणलेला काळा रंग होता. डब्यावर ब्रश ठेवला होता, धुऊन, केस कागदात गुंडाळून. ब्रश असा ठेवायला त्यानंच तिला लहानपणी शिकवलं होतं.

दुपारी ती ताट वाढत होती.

"बाबा, उन्हात टोपी न घालता गेलात ना?"

"गजांचा रंग उरलाय का गं?"

तिचा हात क्षणभर थांबला. "थोडा आहे."

"चांगला रंग आहे. छान झाकतो."

तिनं वर पाहिलं नाही. फक्त त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, त्यानं मागितली नसताना.

चार वाजता सभा भरली. दोरवाल्यानं वह्यांचा गठ्ठा मानानं टेबलावर मांडला. "बोला मास्तर, एकदाचं होऊन जाऊ द्या!"

म्हाताऱ्यानं वरची वही हातात घेतली, उघडली नाही.

"आकडे मी बरोबर लिहिले," तो म्हणाला. "शून्य हलत होतं. मीच हलवत होतो, दरवर्षी, रंग देताना. मला कळलं नाही." त्यानं सहा बोटं वर केली. "एवढं वाढलंय. विश्वास नसेल त्यानं खांबावर जाऊन बघावं, आता उघडं ठेवलंय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

"मुलीनं पढवलं वाटतं?" दोरवाल्याचा आवाज आता बारीक झाला होता.

"तिनं एक शब्द सांगितला नाही," म्हातारा म्हणाला. "सांगितला असता तर गेल्या सभेत तुम्ही मला हसला असता. ती ते हसू स्वतःवर घेऊन बसली."

तो वळला. पुढच्या रांगेतल्या त्याच्या खुर्चीवर तेवढ्यात कुणी तरी पिशवी ठेवली होती. तो उभाच राहिला. पलीकडच्या बाजूला मुलीनं शेजारच्या खुर्चीवरची फाइल उचलून मांडीवर घेतली. सगळ्यांच्या देखत मधली मोकळी जागा ओलांडून तो तिच्यापाशी जाऊन बसला.

तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती.

"उद्याही ओहोटी मोठीच आहे," तो हळूच म्हणाला. "साडेसहाला."

"हं."

"शून्य कुठं धरायचं ते तू सांग. रंग मी देतो."