उंट द्यायचा डाव

चौसाळ्याचे आसाराम लेकीला माहेरी न्यायला तेलगावला आले, की आधी व्याह्यांशी बुद्धिबळाचा डाव खेळावा लागे आणि तो हरावा लागे. मुलीच्या बापाने जिंकणं बरं दिसत नसे. शिवाय व्याही बिभीषणराव यांनी एकदा दौऱ्यावर आलेल्या तालुकदाराच्या पेशकाराला मात दिली होती आणि ते ती कोणाला विसरू देत नसत.

बिभीषणराव सावकाश खेळत. राजाला डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते, तीही पहिला शह लागायच्या आत. ती मारून ते राजाला कोपऱ्यात बसवत आणि मग दुपारभर समोरच्याला दमवत.

त्या दिवशी आसारामांना उन्हं उतरायच्या आत निघायचं होतं. त्यांनी लवकर हरायचं ठरवलं. सुरुवातीलाच उंट नेऊन राजाशेजारच्या प्याद्यावर घातला.

"शह."

"फुकटचा उंट?" बिभीषणरावांनी तो राजानेच मारला.

शह लागल्यामुळे राजाची उडी गेली. बाकीची फौज अजून घरातच होती. आसाराम मरायला म्हणून घोडा, मग वजीर पुढे टाकत गेले. जे टाकावं ते शहच देत होतं. शेवटी राजाला जायला घर उरलं नाही.

"चुकून झालं," आसाराम म्हणाले.

"दुसरा मांडा."

दुसऱ्या डावात त्यांनी उंटापाठोपाठ घोडाही देऊन टाकला. मात आणखी लवकर झाली.

नवऱ्याचं उतरलेलं तोंड बघून विहीण छबुबाई बाहेर आल्या. "वच्छलाला औंदा धाडायचं जमायचं न्हाई. लई काम पडलंय."

वच्छला बोचकं बांधून दारात बसली होती. आसारामांनी तिच्याकडे पाहिलं आणि पट पुन्हा मांडला.

"इवाई, खाल्लं त्याची चूक न्हाई. खाल्लेलं जपत बसलात, ती चूक. तुमी खात होता तवर माझी फौज दारात आली. आता उंट आन घोडा खाल्ला की त्यातलं एक परत द्या. वजिराला वजीर भिडवा. मंग मारायला माझ्याकडं कोन उरतंय?"

"घेतलेलं परत द्यायचं?"

"व्हय."

"आमच्या घरात तशी रीत न्हाई."

"पटावर तरी करून बघा."

आसाराम तिसरा डाव जिंकायलाच खेळले. नाहीतर शिकवण्यात अर्थ नव्हता. बिभीषणरावांनी बराच वेळ घोड्यावर बोट ठेवलं, मग दात आवळून तो दिला. वजीर कटले. हल्ला विझला. संध्याकाळी आसाराम खरोखर हरले.

"धाडा पोरीला," बिभीषणराव आतल्या बाजूला बघून म्हणाले.

गाडीत वच्छलाने बापाला विचारलं, "दादा, माय बरी हाय ना?"

"घोडा तितं द्यायचा नव्हता."

"कोनाचा घोडा?"

"बरी हाय," आसाराम म्हणाले, आणि चौसाळ्यापर्यंत मनात तोच डाव पुन्हा मांडत राहिले.